एकूण नग बावीस

परवा दुपारी इस्त्रीवाला आला. दारातच गाठोडं सोडलं आणि म्हणाला, "चौदा नग. मोजून घ्या." मी मोजायला बसले. एकेका घडीवर बोट टेकवत, ओठ हलवत. बारा, तेरा, चौदा. मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, शर्ट आहेत ते. पळून नाही जाणार."

त्याचं बरोबर होतं. पण त्याआधी तेरा दिवस माझे नग पळून जाऊ शकत होते.

मी शाळेत जर्मन शिकवते. मे महिन्यात नववीची बावीस मुलं घेऊन ब्रेमनला जाऊन आले, सोबत आमचे पी.टी.चे सर. पुण्यात औंधला ब्रेमन चौक आहे, आमची अर्धी मुलं रोज तिथून शाळेत येतात. ब्रेमन म्हणजे सिग्नल, अशीच त्यांची समजूत. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय मग, जर्मनी कसं आहे?" खरं सांगायचं तर जर्मनी म्हणजे पाठीमागून दिसणारी बावीस डोकी. त्यांच्या पलीकडे अधूनमधून एखादं चर्च दिसायचं.

नग हा शब्द मराठीनं फार विचार करून ठेवलेला आहे. मोजायचा तोही नग आणि ज्याच्यापुढे हात टेकायचे तोही नगच.

आमच्या बाबांना नग मोजायचं वेड होतं. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मिरजेला मावशीकडे जायचो. पुणे स्टेशनवर रिक्षातून उतरलं की पहिली मोजणी, फलाटावर दुसरी, डब्यात शिरल्यावर तिसरी. ट्रंक, वळकटी, जेवणाची पिशवी, फिरकीचा तांब्या, छत्री, मावशीसाठी घेतलेल्या बरण्यांची करंडी. सहा. मग दादाच्या डोक्यावर टप्पल, सात, माझ्या डोक्यावर टप्पल, आठ. आई या मोजणीत नसायची, कारण आई मोजणीला साक्षीदार असायची. "आठ ना गं?" "आठ." मग बाबा रुमालानं कपाळ पुसून खिडकीशी बसायचे. सातारा येईपर्यंत पुन्हा दोनदा.

एकदा मिरजेला उतरल्यावर नऊ भरले. बाबांनी पुन्हा मोजलं. नऊच. एक हिरवी पत्र्याची पेटी, आमची नव्हे, दादानं घाईघाईत ओढून आणलेली. तोवर गाडी निघून गेली होती. नग कमी भरला की बाबा चिडायचे, ते आम्हाला सवयीचं होतं. त्या दिवशी मात्र ते घाबरले. पेटी स्टेशन मास्तरांकडे देऊन कागदावर सही करून आले, तरी दुपारी जेवताना घास हातातच राहत होता. "कुणीतरी आत्ता कुठेतरी मोजत असेल," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चालत स्टेशनवर गेले. पेटीवाला येऊन घेऊन गेला होता. मग त्यांनी येताना जिलबी आणली.

तर रक्तातच आहे.

जायच्या आदल्या आठवड्यात मी सासूबाईंचं जपाचं यंत्र मागून घेतलं. हल्ली बोटात अंगठीसारखं घालायचं मिळतं ना, बटण दाबलं की आकडा एकानं वाढतो, ते. त्यांनी तुळशीबागेतून आणलं होतं. नवं आणलं असतं, पण यंत्राचा कंटाळा येऊन त्या पुन्हा माळेकडे वळल्या होत्या. मी शून्यावर आणून बोटात घातलं. पद्धत सोपी ठेवली, एक डोकं एक दाब. बावीस झाले की मनात पाढा पुढे सरकवायचा: बावीस, चव्वेचाळीस, सहासष्ट. शेवटचा आकडा बाविसाच्या पाढ्यात बसला नाही की समजायचं, कुणीतरी हललं. बाविसाचा पाढा मला चौथीत आला नव्हता. आता झोपेतून उठवलंत तरी म्हणेन.

मुलांनाही नंबर दिले होते. पहिल्या दिवशी त्यांना ते तुरुंगासारखं वाटलं, तिसऱ्या दिवसापासून ती एकमेकांना नंबरानंच हाका मारायला लागली. इथेही नंबरच लिहिते. नावं त्यांच्या आयांना माहीत आहेत.

विमान मध्यरात्रीनंतरचं, मुंबईहून. पुणेकर असल्यामुळे आम्ही दुपारी चारला निघालो. शाळेच्या फाटकाशी आयांची गर्दी. "टीचर, तो झोपेत चालतो", "टीचर, तिला खिडकीच द्या", "टीचर, याला कळत नाही पोट भरलेलं". बाबालोक लांब उभे राहून बसचे टायर बघत होते. पेढे नकोत, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, हे मी पालकसभेत तीनदा सांगितलं होतं. त्यामुळे बाकरवडी एवढी निघाली होती की ब्रेमनमध्ये दुकान टाकता आलं असतं. घाटात नेहमीप्रमाणे अडकलो. खालापूरच्या फूड मॉलवर एकवीस भरले. माझ्या पोटात गोळा. बाविसावा वडापावच्या रांगेत होता, आणि सरही त्याच रांगेत, त्याच्या मागे.

मुंबईला नऊ नंबरची बॅग बाजूला काढली. तिच्या आजीनं कपड्यांच्या घड्यांमध्ये सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या ठेवल्या होत्या. प्रवासाला निघताना असाव्यात म्हणून. सुकं खोबरं तेलकट, पेट घेणारं, म्हणून बॅगेतून चालत नाही. नऊ नंबर रडवेली झाली. खोबरं जायचं दुःख नव्हतं, आजीला काय सांगायचं ही काळजी. मी म्हटलं, विमानाला वाहिलं म्हणून सांग.

दारं लागायच्या आधी हवाईसुंदरी दोन्ही बाजूंच्या सीटांवर नजर टाकत गेली. तिच्या मुठीत छोटं स्टीलचं यंत्र होतं, टक टक टक टक. तीही मोजत होती! मी माझं बोट वर करून दाखवलं. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं मला पाणी आणून दिलं.

मग दिवे मंद झाले. नऊएक तासांचा प्रवास, आणि पश्चिमेला जाताना रात्र साडेतीन तासांनी लांबते. मुलांना ही फुकटची रात्र म्हणजे पर्वणी. अकरा नंबरनं बाकरवडीचं पाकीट काढलं तर ते उशीसारखं टम्म फुगलेलं. "टीचर, फुटेल?" नाही रे. विमान बाहेर कितीही उंच असो, आतली हवा फार तर आठ हजार फुटांवरच्या इतकी विरळ ठेवतात. आपली कळसूबाई ५४०० फूट. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक सिंहगड चढवायचा आणि वर बसून डबा खायचा, एवढंच. हे सांगून मी फार खूश झाले. त्यानं तोवर पाकीट फोडून खाल्लं होतं.

पहाटे तीनच्या सुमारास, म्हणजे कुणाच्या पहाटे ते विचारू नका, मी फेरीला निघाले. अंधारात डोकी दिसत नाहीत. निळ्या पांघरुणाखालचे उंचवटे मोजायचे. एक उंचवटा एक दाब. शेवटी आकडा आला एकानं कमी. पुन्हा मोजलं, या वेळी बटण न दाबता. कमीच. चौदा नंबरची सीट रिकामी, पांघरूण नीट घडी घालून ठेवलेलं. ती घडी बघून माझ्या छातीत धस्स झालं. चौदा नंबर घडी घालणाऱ्यातला नव्हे.

स्वच्छतागृहांची दारं बघितली, दोन्ही हिरवी. सरांना हलवलं. सर डोळे न उघडता म्हणाले, "मॅडम, विमान आहे. जाऊन जाऊन जाणार कुठे?" यात तर्काला धरून सगळं आहे. पण मला त्या क्षणी बाबांची ती हिरवी पेटी आठवली आणि ते कुठेतरी मोजत बसलेलं कुणीतरी. पुण्यात कुठल्या तरी फ्लॅटमध्ये चौदा नंबरची आई आत्ता डोळे सताड उघडे ठेवून पडली असेल, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी अनवाणीच शेपटीकडे निघाले.

अगदी मागच्या रांगांमध्ये एक नऊवारीतल्या आजी बसल्या होत्या. वर स्वेटर, कानाला मफलर, मांडीवर कापडी पिशवी गच्च धरलेली. त्यांच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर चौदा नंबर. समोरच्या पडद्यावर तो त्यांना नकाशा दाखवत होता. "हे आपलं विमान. हा काळा समुद्र आला." आजी म्हणाल्या, "काळा कशानं म्हणायचा? इथं तर निळाच दिसतोय."

मी तोंड उघडलं, तोच सेविका आली. आणि हा मुलगा, जो माझ्या वर्गात दोन वर्षं मागच्या बाकावर मुकाट्यानं बसला, ज्याच्याकडून मला 'गुटेन मॉर्गन' काढायलाही चिमटा लागायचा, तो तिला म्हणाला, "बिटं, हाइसेस वासर. फ्यूर ओमा." गरम पाणी, आजींसाठी. 'हाइसेस'मधला शेवटचा 'स' त्यानं बिनचूक लावला होता. विशेषणांचे ते प्रत्यय शिकवताना मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केलाय. कधी कुणाला तहान लागलेली दिसली नव्हती.

आजी मुलीच्या बाळंतपणाला श्टुटगार्टला निघाल्या होत्या. एकट्या, पहिल्यांदाच. "याला रागवू नका हो," त्या म्हणाल्या. "मघाशी मला उठायचं होतं, पट्टा सुटेना. हा इकडून चालला होता, त्यानं सोडवला. मग म्हटलं, बस जरा. मला सोबत होते." मांडीवरच्या पिशवीतल्या डब्यात काय आहे ते मी विचारलं नाही. डिंकाचा वास येत होता. तुपाचाही.

मी बटण एकदा दाबलं. पाढा जुळला.

खरं म्हणजे मी त्याला जागेवर पाठवायला हवं होतं, नियम माझाच होता. पाठवलं नाही. पुढच्या प्रत्येक फेरीत एकवीस पुढे आणि एक शेपटीला असं मोजत राहिले. उतरल्यावर आजींच्या हँडबॅगा चौदा नंबरनं खाली काढल्या, तेव्हा आजी पुटपुटत होत्या, "एक, दोन, ही पिशवी तीन, आणि पर्स." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

फ्रँकफर्टला तेवीस भरले. आमच्या टोप्या पिवळ्या होत्या आणि दुसऱ्या कुठल्याशा सहलीतलं एक पिवळ्या टोपीचं पोर आमच्या रांगेत घुसून बाकरवडी खात होतं. त्याच्या लोकांपर्यंत पोचवून येईस्तोवर मी बाबांसारखीच घामाघूम.

ब्रेमनबद्दल काय सांगू? टाउन हॉलच्या कडेला ग्रिम बंधूंच्या गोष्टीतल्या त्या चार प्राण्यांचा पुतळा आहे, गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा, एकावर एक उभे. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची म्हणतात. हात लागून लागून ते पाय पितळी चकाकलेत. मुलं आळीपाळीनं पाय धरत होती आणि मी मागे उभी. चौघं प्राणी आयुष्यभर एकाच जागी, एकमेकांच्या पाठीवर, हलणार नाहीत, हरवणार नाहीत. केवढं सुख. आपल्या शाळेत असंच उभं करता आलं तर, एवढीच इच्छा मी मागितली.

परतीची बस सकाळी शाळेपाशी आली. पालक आधीच थांबलेले. एकेक मूल उतरायचं, कुणाच्या तरी मिठीत जायचं, बॅग ओढत गाडीकडे. एकवीस, वीस, एकोणीस. इथे मात्र माझी पंचाईत झाली. या यंत्राला उलटं मोजता येत नाही. नुसतं पुढेच जातं, नाहीतर थेट शून्य. मी अंगठा बटणावर ठेवून नुसती उभी राहिले. बाबा घरी पोचल्यावर कधी मोजायचे नाहीत, हे तेव्हा आठवलं. सामान ओसरीत टाकून थेट चहा मागायचे.

शेवटी चौदा नंबर राहिला. त्याची आई सिग्नलला अडकली होती. बहुतेक ब्रेमन चौकात. आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी म्हटलं, "आजींना नातू झाला की नात, कळलं का रे?" तो म्हणाला, "त्यांचा फोन नंबर नाही घेतला." आणि मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

घरी आल्यावर यंत्र देवघरात ठेवलं आणि झोपले. संध्याकाळी सासूबाईंनी चष्मा लावून आकडा वाचला. ३४३२.

"एवढा जप केलास? विमानात?"

बावीस गुणिले दिवसाला बारा फेऱ्या, गुणिले तेरा, असं मी सांगणार होते. "हो," म्हटलं.

"मग शून्य नको करूस," त्या म्हणाल्या. माळ त्यांनी डबीत ठेवली, यंत्र बोटात चढवलं आणि डोळे मिटले. आता रोज दुपारी त्या खिडकीशी बसतात. परवा इस्त्रीचे कपडे मोजत होते तेव्हाही बसल्या होत्या. ३४३३ पासून पुढे.