आधी प्रोग्रॅम लिहा, मग तोच फोडा

सायबर सिक्युरिटी शिकायची म्हटलं की इंजिनिअरिंगचे बरेच विद्यार्थी पहिल्याच दिवशी काली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकतात. शेकडो टूल्स तयार मिळतात, एकेक चालवून बघता येतं, आणि महिनाभरात गाडी अडते. टूलने एखादी त्रुटी दाखवली तरी ती का राहिली हे कळत नाही, आणि टूल गप्प बसलं तर पुढे काय करायचं तेही सुचत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जो प्रोग्रॅम तुम्हाला स्वतःला लिहिता येत नाही, तो नीट फोडताही येणार नाही. म्हणून आधी लिहायचं आणि मग आपलंच लिहिलेलं मोडून बघायचं.

सुरुवात सी भाषेपासून करा. पायथॉन सोपी आहे, ती पुढे लागणारच आहे, पण मेमरी उघडी दिसते ती सीमध्ये. एक छोटा प्रयोग करा. एक स्ट्रक्चर घ्या: त्यात आधी ८ कॅरेक्टरांचा 'नेम' नावाचा अ‍ॅरे आणि लगेच त्याखाली 'अ‍ॅडमिन' नावाचा इंटिजर, किंमत शून्य, म्हणजे परवानगी नाही. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफ फंक्शनमध्ये पर्सेंट एस वापरून, रुंदी (किती अक्षरं वाचायची ती मर्यादा) न देता, नेम वाचा आणि मग अ‍ॅडमिनची किंमत छापा.

इंग्रजी सात अक्षरं टाकलीत तर सगळं ठीक. आठ टाकलीत तर स्ट्रिंग संपवणारा शून्य बाइट अ‍ॅडमिनमध्ये जाऊन पडतो. तिथे आधीच शून्य असल्यामुळे फरक दिसत नाही, पण प्रोग्रॅम तेव्हाच चुकलेला असतो. आता स्मॉल लिपीतलं 'ए' नऊ वेळा टाका. अ‍ॅडमिन ९७ होतो, कारण त्या अक्षराचा आस्की क्रमांक ९७ आहे. आणि आता देवनागरीत फक्त 'नाव' हा शब्द टाका. डोळ्यांना दोनच अक्षरं दिसतात, पण यूटीएफ-८ मध्ये न, काना आणि व यांना प्रत्येकी ३ बाइट्स लागतात, म्हणजे एकूण ९. नववा बाइट अ‍ॅडमिनमध्ये शिरतो आणि किंमत येते १८१. दोन अक्षरी शब्दाने परवानगीचा ध्वज बदलला! 'अक्षर' आणि 'बाइट' यांतला फरक पुस्तकात दहा वेळा वाचून जेवढा कळत नाही, तेवढा या एका रनमध्ये कळतो.

हा प्रयोग करताना दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं म्हणजे स्ट्रक्चर न वापरता दोन सुटे व्हेरिएबल घेतले तर निकाल असा येईलच असं नाही. सुट्या व्हेरिएबलांची मेमरीतली मांडणी कंपायलर ठरवतो, आणि स्टॅक प्रोटेक्टर (हद्दीबाहेरचं लिखाण, म्हणजे ओव्हरफ्लो, ओळखणारी कंपायलरची सोय) चालू असेल तर तो अ‍ॅरे मुद्दाम वेगळ्या बाजूला ठेवतो. दुसरं म्हणजे अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (चालू प्रोग्रॅममधल्या मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावून कंपाइल केलं तरी वरची चूक पकडली जात नाही. नेम आणि अ‍ॅडमिन एकाच स्ट्रक्चरच्या आत आहेत, आणि आतल्या आत झालेली घुसखोरी त्याला दिसत नाही. स्ट्रक्चर १२ बाइट्सचं आहे. इंग्रजी १२ अक्षरं टाकलीत की शेवटचा शून्य बाइट बाहेर जातो आणि मग तो ओरडतो. टूलवर कुठवर विसंबायचं ते इथेच समजून घ्यावं.

दुरुस्तीही स्वतः करा. रुंदी ७ दिली तर ओव्हरफ्लो थांबतो, पण उरलेली अक्षरं इनपुटमध्ये पडून राहतात आणि पुढचा स्कॅनएफ ती उचलतो. देवनागरी मजकूर सात बाइट्सवर कापला तर दोन चिन्हं बसतात आणि तिसऱ्याचा एक तुटका बाइट मागे राहतो. ओळ वाचणारं एफगेट्स फंक्शन बरं, फक्त ते ओळीच्या शेवटचं न्यूलाइनही सोबत ठेवतं. जुनं गेट्स मात्र वापरू नका. अ‍ॅरे केवढा आहे हे त्याला कळतच नाही. १९८८ च्या मॉरिस वर्म या इंटरनेटवर पसरलेल्या प्रोग्रॅमने फिंगर (युजरची माहिती देणाऱ्या) सेवेत शिरण्यासाठी याच फंक्शनचा फायदा घेतला, आणि २०११ च्या सी मानकातून ते काढून टाकलं गेलं. २०१४ मधली हार्टब्लीड नावाची त्रुटीही याच जातीची: समोरच्याने सांगितलेली लांबी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने न तपासता खरी मानली आणि एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी बाहेर जाऊ लागली. बाहेरून आलेल्या माहितीवर कुठे विश्वास ठेवला गेला, हा एकच प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारत राहायचा आहे.

लिनक्ससाठी वेगळा कोर्स लागत नाही. ओव्हरदवायर या साइटवरचा बँडिट खेळ रोज एक-दोन पायऱ्या करत सोडवा. एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिनची सोय) नेहमीच्या २२ पोर्टवर (सेवेच्या दाराचा क्रमांक) नसून २२२० वर आहे, पहिलं कनेक्शन बहुतेकांचं तिथेच फसतं. उत्तरं शोधून वाचू नका, मॅन पेज (कमांडची अंगभूत माहिती) वाचा.

मग नेटवर्क. इथे पायथॉनमध्ये स्वतःचा पोर्ट स्कॅनर लिहा. वीसेक ओळींत होतो. सॉकेट उघडा, टाइमआउट १ सेकंद ठेवा, कनेक्ट-एक्स बोलवा. शून्य परत आलं तर पोर्ट उघडा. बंद पोर्ट लगेच आरएसटी (नकाराचं पॅकेट) पाठवतो, त्यामुळे तिथे वेळ जात नाही. पण फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असेल तर प्रत्येक पोर्टला पूर्ण सेकंद जातो आणि १००० पोर्टना जवळपास १७ मिनिटं लागतात. १०० थ्रेड लावले की तेच काम दहा-बारा सेकंदांवर येतं. शेजारी पॅकेट्स दाखवणारं वायरशार्क उघडा ठेवा आणि सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक ही कनेक्शन जोडणारी तीन पॅकेट्स डोळ्यांनी बघा. यानंतर एनमॅप हा तयार पोर्ट स्कॅनर हातात घेतलात की ते ठरावीक १००० पोर्टच का तपासतं, सिन स्कॅनला रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) अधिकार का लागतात आणि 'क्लोज्ड' व 'फिल्टर्ड' यांत फरक काय, हे आपोआप उलगडतं.

स्कॅन करायचं ते फक्त आपल्या मशीनवर, सरावासाठी खुल्या केलेल्या साइट्सवर, किंवा लेखी परवानगी असलेल्या ठिकाणी. कॉलेजचं नेटवर्क आपलं नसतं.

म्हणून लॅब हवी. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो: व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम) कालीला २ जीबी आणि मेटास्प्लॉइटेबलसारख्या मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या मशीनला ५१२ एमबी ते १ जीबी. ६४ बिटचा पर्यायच दिसत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा. सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण म्हणजे दोन्ही मशीनचा आयपी १०.०.२.१५ दिसतो आणि पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का याची तपासणी) मात्र यशस्वी होतं. व्हर्च्युअलबॉक्सचं नॅट प्रत्येक मशीनला स्वतंत्र, पण सारखंच जाळं देतं. तुम्ही स्वतःलाच पिंग करत असता. दोन्ही मशीन होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉप आणि आतल्या मशीनपुरत्या जाळ्याच्या) अ‍ॅडाप्टरवर टाका, म्हणजे सहसा १९२.१६८.५६ ने सुरू होणारे वेगवेगळे पत्ते मिळतील. कच्चं मशीन ब्रिज्ड मोडवर कधीही ठेवू नका, कारण त्याच वाय-फायवरचा कुणीही त्यात शिरू शकतो. आणि काही मोडण्याआधी स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) घ्या.

वेबसाठी लॉगिनचं एक पान लिहा, मुद्दाम चुकीचं: युजरनेम आणि पासवर्ड डेटाबेसला विचारणाऱ्या एसक्यूएलच्या ओळीत (क्वेरीत) थेट जोडा. मग नावाच्या खान्यात नुसतं एक एकेरी अवतरणचिन्ह टाका. एरर आली म्हणजे तुमची माहिती आता क्वेरीचा भाग झाली. पुढे इंटरनेटवर सर्वत्र सापडणारा तुकडा येतो: अवतरणचिन्ह, 'ऑर', आणि कायम खरी असणारी तुलना. तो युजरनेमच्या खान्यात टाकला तर बहुधा चालत नाही, पासवर्डच्या खान्यात टाकला तर चालतो. कारण अँड हे ऑरच्या आधी सोडवलं जातं. पहिल्या बाबतीत ती खरी तुलना पासवर्डच्या अटीला बांधली जाते. दुसऱ्या बाबतीत ती शेवटी मोकळी राहते आणि सगळ्या ओळी पास होतात. युजरनेममध्ये चालवायचा असेल तर पुढचा भाग दोन डॅशनी कॉमेंट करावा लागतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्या डॅशनंतर स्पेस लागतेच, आणि फॉर्म शेवटची स्पेस कापत असेल तर तुकडा निकामी होतो. ही क्वेरी कागदावर लिहून कंस टाकून बघा. पेलोडची (अशा तयार तुकड्यांची) यादी पाठ करणाऱ्याला आणि समजून घेणाऱ्याला वेगळं करणारी जागा हीच.

उपाय पॅरामीटर वापरलेली क्वेरी, म्हणजे माहिती क्वेरीच्या ओळीत न जोडता वेगळी पाठवणं. अवतरणचिन्हं स्वतः एस्केप (निष्प्रभ) करत बसू नका. आकड्यांच्या कॉलमभोवती ती नसतातच, मग एस्केप कशाला करणार? पॅरामीटरने कॉलमचं नाव मात्र बदलता येत नाही, त्यामुळे सॉर्टिंगसाठी परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवा.

पासवर्ड एमडी-५ मध्ये ठेवू नका. ते वेगवान आहे, आणि चोरीला गेलेल्या यादीवर अंदाज लावणाऱ्याला वेगच हवा असतो. बीक्रिप्ट घ्या, त्यात सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडला जाणारा वेगळा यादृच्छिक मजकूर) आपोआप येतं आणि कॉस्ट (किती श्रम घ्यायचे तो आकडा) एकने वाढवली की श्रम दुप्पट होतात. त्याची मर्यादा ७२ बाइट्स, म्हणजे देवनागरीत फक्त २४ चिन्हं. पुढचं काही अंमलबजावण्या गुपचूप सोडून देतात, त्यामुळे लांबी आधीच तपासा, आणि ती बाइट्समध्ये मोजा.

डेटाबेसचा पासवर्ड चुकून गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणारं टूल) गेला तर फाइल पुसून नवी कमिट केल्याने काहीही साधत नाही, तो इतिहासात तसाच असतो. आधी तो पासवर्ड बदला, इतिहास नंतर साफ करा.

शेवटी आपल्याच लॉगिन पानाचा दोन पानी अहवाल लिहा: कोणती आवृत्ती, कोणत्या खान्यात नेमकं काय टाकलं, काय दिसलं, त्याने काय हाती लागतं, दुरुस्ती कोणत्या ओळीत केली. मित्राला तो द्या आणि बाजूला बसा. त्याला एकदाही विचारावं लागलं तर ती पायरी अहवालात राहून गेली आहे. ज्या इनपुटने पान फुटलं होतं तेच टेस्ट म्हणून प्रोजेक्टमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी कुणी घाईत ती क्वेरी पुन्हा जोडून लिहिली, तर ती टेस्ट लाल, म्हणजे नापास होईल.