तोटी नसलेले नळ

रोममधल्या पहिल्याच दुपारी, पँथिऑन पाहून बाहेर पडल्यावर, एका गल्लीच्या तोंडाशी मला वाहता नळ दिसला. छातीपर्यंत येईल एवढा बिडाचा खांब, त्याला नाकासारखी वाकडी नळी आणि तिच्यातून खालच्या जाळीवर पडणारी अखंड धार. भोवती चिटपाखरूही नव्हते. मी लगबगीने पुढे होऊन तोटी शोधू लागलो. खांबाभोवती एक प्रदक्षिणा झाली, मागची बाजू चाचपून झाली, तरी तोटी काही सापडेना. "अहो, तो बंद करायचा नसतोच," पत्नी म्हणाली. निघण्यापूर्वी तिने सगळे वाचून ठेवले होते. मी फक्त बॅगांची वजने केली होती.

या नळाला तिथे 'नासोने', म्हणजे मोठे नाक, म्हणतात. १८७४ पासून असे नळ रस्तोरस्ती उभे आहेत आणि आज त्यांची संख्या अडीच हजारांच्या घरात आहे. नळीचे तोंड बोटाने दाबले की तिच्या पाठीवरच्या बारीक भोकातून कारंजे उडते, ते तोंडाने झेलायचे. पत्नीला हे पहिल्याच फटक्यात जमले. माझा चष्मा भिजला.

वाहता नळ मला बघवत नाही. हे खूळ लहानपणापासूनचे आहे. लातूरला आमच्या वाड्यात पाणी पहाटे येई, आणि तेही रोज नाही. आई अंथरुणातूनच कानोसा घेई. नळात आधी हवेची फुसफुस होई, मग एक तांबूस गुळणी पडे आणि मग धार लागे. त्या धारेखाली आधी घागर, मग कळशी, मग तपेली आणि शेवटी दुधाचे पातेलेसुद्धा लागे. आदल्या खेपेचे पाणी त्याच क्षणी 'शिळे' ठरून तुळशीला आणि धुण्याला जाई, पण त्याचा थेंब कधी वाया गेल्याचे मला आठवत नाही. नळ उघडा टाकून कोणी उठले, तर आई जे बोलत असे ते इथे लिहिण्यासारखे नाही.

त्यामुळे रोमही मी जरा तिरकेच पाहिले. पँथिऑनच्या घुमटाला मधोमध उघडे भोक आहे आणि पाऊस थेट आत येतो. लोक माना वर करून ते पाहत होते, तेव्हा मी ते पाणी निघून जाण्यासाठी फरशीत ठेवलेली छिद्रे शोधत होतो. दर्शनी भागावर ज्या अग्रिप्पाचे नाव कोरले आहे, त्यानेच इ. स. पूर्व १९ मध्ये 'अक्वा व्हिर्गो' हा जलमार्ग शहरात आणला आणि त्याच मार्गाचे पाणी, मधल्या अनेक दुरुस्त्यांनंतर, १७६२ मध्ये पूर्ण झालेल्या त्रेव्हीच्या कारंज्यात पडू लागले. त्रेव्हीपाशी गर्दी इतकी होती की पाण्याचा नुसता आवाज ऐकून आम्ही परतलो. स्पॅनिश पायऱ्यांच्या तळाशी मात्र मी बराच वेळ रेंगाळलो. तिथे पिएत्रो बेर्निनीने दगडी होडीचे कारंजे केले आहे आणि ती होडी रस्त्याच्या पातळीखाली, अर्धी बुडाल्यासारखी बसवली आहे, कारण त्या जागी पाण्याला पुरेसा जोरच नव्हता. 'पाणीपुरवठा कमी दाबाने होईल, नागरिकांनी सहकार्य करावे' हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो. त्यातून शिल्प निघू शकते, हे आमच्याकडे कोणाला सुचले नव्हते.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या सान जोव्हानीच्या मेट्रो स्थानकातही माझे तेच झाले. बांधकामासाठी खणताना तिथे रोमन काळातले शेत आणि त्या शेताचा प्रचंड मोठा हौद सापडला होता. काचेआड मांडलेल्या पीचच्या जुन्या कोयी पाहताना पत्नी हरखून गेली, आणि मी हौदात किती पाणी मावत असेल याचा हिशेब करत एक गाडी चुकवली.

नासोने सतत वाहते ठेवतात ते नळातले पाणी साचून शिळे होऊ नये म्हणून, असे मला सांगण्यात आले. आईला हे कारण चटकन पटले असते, उत्तर मात्र पटले नसते. २०१७ च्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला, तेव्हा यांतले कित्येक नळ बंद करण्याची वेळ रोमवरही आली होती.

परतीच्या सकाळी मी हॉटेलजवळच्या नळावर लिटरभराची बाटली काठोकाठ भरून घेतली. विमानतळावर तपासणीच्या रांगेत तिथल्या माणसाने ती ओतून टाकण्यासाठी कोपऱ्यातले पिंप दाखवले. पत्नीने नुसते माझ्याकडे पाहिले. मी रांगेतून बाहेर झालो आणि भिंतीला टेकून ते सगळे पाणी पिऊन टाकले.