सातबाऱ्यावरचं क्षेत्र दुरुस्त करून घेताना

वडिलांच्या पश्चात वारसनोंद अडली नाही. अडलं ते क्षेत्र. हस्तलिखित सातबाऱ्यावर १ हेक्टर २१ आर होतं, संगणकीकृत उताऱ्यावर १ हेक्टर १२ आर झालं.

अशी लेखनातली चूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त होते. आमच्याकडे त्याचा आदेश तहसीलदार काढतात. अर्ज दिला. तहसीलमधून सांगितलं, आकारबंदाशी (भूमी अभिलेख खात्याकडचा, प्रत्येक गटाचं क्षेत्र आणि आकारणी लिहिलेला कागद) मेळ घ्यायचाय, भूमी अभिलेखचा अहवाल येऊ द्या. भूमी अभिलेखमध्ये विचारलं, तर तहसीलचं पत्रच आलेलं नाही. पुन्हा तहसीलला, तर पत्र केव्हाच गेलंय. दोन्ही कार्यालयं एकाच आवारात, आणि मधल्या मधे फिरायचं आम्ही! शेती सोडून, भाडं खर्चून तालुक्याला येणाऱ्या माणसाला कुणी बसवून सांगत नाही की ही दोन खाती वेगळी चालतात. तहसीलदारांच्या वर प्रांताधिकारी, मग जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांच्या वर जिल्हा अधीक्षक, उपसंचालक आणि पुण्यात जमाबंदी आयुक्त. दोन्ही मंत्रालयात महसूल विभागाखालीच येतात, पण तालुक्यात तहसीलदार उपअधीक्षकांचे साहेब नाहीत. हे एका निवृत्त अव्वल कारकुनांनी समजावलं तेव्हा कुठे वाट दिसली.

तहसीलच्या टपाल शाखेतून पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घेतली. भूमी अभिलेखच्या आवक नोंदवहीत त्या पत्राची नोंद नव्हती. मग पत्राची प्रत जोडून उपअधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज दिला, खाली ‘प्रत माहितीसाठी: जिल्हा अधीक्षक, भूमी अभिलेख’ असं लिहिलं आणि पोच घेतली. त्यानंतर अहवाल निघाला. म्हणून ज्या खात्यात काम अडलंय, त्याच खात्याच्या वरच्या साहेबांना प्रत द्या.

आकारबंदाची नक्कल अर्ज करण्याआधीच काढून जोडा, हे आधी सांगायला हवं होतं. ग्रामसेवकांकडे यासाठी जाऊ नका. ते जिल्हा परिषदेच्या यंत्रणेतले, सातबारा त्यांच्याकडे नसतो. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, दारावरची पाटी बघून गोंधळू नका.

तहसीलदारांचा आदेश हातात आला की घरी जाऊन निवांत बसू नका. त्याचा फेरफार, म्हणजे गावदप्तरातली बदलाची नोंद, तलाठ्यांनी घ्यावा लागतो आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केल्यावरच उताऱ्यावरचा आकडा बदलतो. आमचा बदलला. आता १ हेक्टर २१ आर आहे.