साम्रदची रात्र: आधी चांदणं, मग आकाशगंगा

आकाशगंगेच्या फोटोसाठी अमावास्या गाठायची, असं सगळीकडे सांगतात. भंडारदऱ्यामागच्या साम्रद गावी कुटुंबासकट जाणार असाल, तर आमचा सल्ला वेगळा आहे. चैत्र शुद्ध चतुर्थी किंवा पंचमी धरा. अमावास्येला आकाश उत्तम मिळतं, पण खालची जमीन कोळशासारखी काळी येते आणि माणसं दिसतच नाहीत. पंचमीची कोर साडेदहा-अकराच्या सुमारास मावळते. तोपर्यंत ती पश्चिमेकडून समोरच्या रतनगड किल्ल्यावर उजेड टाकत असते. ती गेल्यावर मध्यरात्रीच्या आगेमागे वृश्चिक आणि धनू राशींमधला आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा सर्वात दाट, तेजस्वी भाग, आग्नेयेला वर येतो. एकाच रात्रीत दोन्ही कामं होतात, आणि आजी-आजोबांना पहाटे तीनला उठवावं लागत नाही.

मुंबईहून कसारा, इगतपुरी, घोटी करत धरणाजवळच्या शेंडी गावाला यायचं. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर हा मार्ग. पेट्रोल आणि रोख पैसे घोटीत किंवा राजूरला घ्या, पुढे भरवसा नाही. शेंडीहून धरणाला वळसा घालणारा रस्ता आहे. उत्तर काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर करत साम्रदला जाता येतं, किंवा दक्षिणेकडून रतनवाडीमार्गे. पहिल्यांदा जाणाऱ्याने उजेडात पोहोचावं, कारण वळणं अरुंद आहेत आणि रात्री गुरं रस्त्यातच बसलेली असतात. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडा आणि ती जपून ठेवा.

काठावरच्या तंबूंचा मोह टाळा. शनिवारी रात्री तिथे रंगीत दिव्यांच्या माळा आणि स्पीकर असतात, आणि समोरच्या तंबूतला एक एलईडी बल्ब तुमच्या वीस सेकंदांच्या फोटोचा सत्यानाश करायला पुरतो. साम्रदमध्ये घरगुती मुक्काम मिळतो. जेवतानाच यजमानांना सांगून ठेवा, ‘काका, नऊनंतर अंगणातला दिवा बंद ठेवाल का?’ आधी सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. ऐन वेळी, सगळे झोपल्यावर सांगायला गेलात तर पंचाईत होते.

जागा दिवसाच ठरवा. गावाबाहेरच्या मोकळ्या शेतातून रतनगड आणि त्याचा खुटा (शेजारचा सुळका) पूर्व-आग्नेयेच्या अंगाला दिसतो. मोबाईलचं होकायंत्र लावून १२० ते १३० अंशांच्या दरम्यान डोंगराचा कोणता भाग येतो ते बघा आणि त्याप्रमाणे शंभर-दोनशे मीटर सरका. गाभा क्षितिजावर उगवतो साधारण १२१ अंशांवर, पण डोंगराची उंची आडवी येते, म्हणून गाभ्याच्या उगवतीच्या वेळेला तासभर जोडून हिशोब करा. मार्चअखेरीस फोटोजोगा गाभा दोनच्या आसपास मिळेल, एप्रिलच्या मध्यावर एकच्या आसपास. आग्नेय दिशेला मोठं शहर जवळ नाही. पश्चिम-नैर्ऋत्येला मात्र कल्याण-मुंबईचा पिवळट उजेड आकाशात चढलेला दिसतो. मे महिन्यात गाभा उत्तररात्री त्याच बाजूला कलतो, तेव्हा साम्रदपेक्षा धरणाच्या उत्तर काठावरून, पांजऱ्याकडून दक्षिणेला तोंड करून काढलेले फोटो सरस येतात. फक्त तोवर पाणी खाली गेलेलं असतं आणि काठाला चिखल असतो.

साम्रदजवळच्या अरुंद सांदण दरीत रात्री उतरू नका. आतून आकाशाची जेमतेम एक चिंधी दिसते, आणि दगडांत फुरसं असतं. बूट आणि विजेरी शेतातसुद्धा हवीच.

आता यंत्रं. दोघांत दोन कॅमेरे असतील तर एक खिळ्यासारखा रतनगडाकडे लावून ठेवायचा आणि दुसरा घरच्या माणसांसाठी मोकळा ठेवायचा. पहिल्याचा ट्रायपॉड साडेआठच्या आत रोवला की पहाटेपर्यंत हलवायचा नाही. पाय मातीत दाबा, प्रत्येक पायाभोवती दगड रचा, मधली दांडी वर काढू नका, आणि पायांना चमकणारी पट्टी चिकटवा. अंधारात पोरं त्यालाच अडखळतात. लेन्स जितकी रुंद आणि जितकी उघडी तितकं बरं: फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १४ ते २० मिमी, एफ २.८ किंवा त्याहून मोठं छिद्र (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). क्रॉप (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिमी एफ १.४ मिळाली तर उत्तम. किटमधली १८-५५ असेल तर १८ वर एफ ३.५ मिळतं. एफ २ च्या तुलनेत तिच्यात एक तृतीयांश प्रकाश येतो, म्हणून एकाऐवजी दहा-पंधरा फ्रेम काढून त्या एकत्र करायच्या. दहा फ्रेमच्या सरासरीने फोटोतले दाणे (नॉइज) साधारण तिपटीने कमी होतात.

फोकसमध्येच सगळ्यात जास्त फोटो वाया जातात. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, ती बऱ्याचदा चुकीची असते. मॅन्युअल फोकसवर या, पडद्यावर ठळक तारा दहापट मोठा करा आणि तो सर्वात बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवा. चैत्रात त्यासाठी स्वाती उत्तम, उत्तररात्री ज्येष्ठा किंवा अभिजित. मग रिंगवर मेडिकल टेप लावा. हवा गार होत जाते तसा फोकस किंचित सरकतो, म्हणून दर तासाला तपासा. स्थिरीकरण बंद ठेवा. ट्रायपॉडवर ते काही कॅमेऱ्यांत उलट थरथर आणतं. दीर्घ एक्स्पोजरचा नॉइज रिडक्शनही बंद ठेवा, कारण त्यात प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकून बसतो.

चंद्र असताना पहिल्या कॅमेऱ्यावर डोंगर टिपून घ्या: आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १६००, एफ २.८, ४५ ते ६० सेकंद. साडेआठ ते साडेनऊ ही वेळ बरी. त्यानंतर चंद्र खाली गेला की उजेड तांबूस आणि फारच मंद होतो. या फोटोत तारे रेघा होतील, हरकत नाही, यातली फक्त जमीन वापरायची आहे. गाभा वर आला की तोच कॅमेरा, तीच चौकट, पण आयएसओ ३२००, एफ २.८ आणि वेळ कमी. ५०० ला फोकल लांबीने भागायचं, हा जुना नियम १४ मिमीला ३५ सेकंद देतो, पण आजच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यात तारे अळीसारखे लांबतात. १४ मिमीवर २० सेकंद, २० मिमीवर १३ सेकंद, क्रॉपवर १६ मिमीला १० ते १३, याच्या पुढे जाऊ नका. रंगतापमान ३९०० केल्विन, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). अशा वीसेक फ्रेम ओळीने घ्या. घरी विंडोजवर ‘सिक्वेटर’ हे फुकट सॉफ्टवेअर तारे जुळवून त्यांची सरासरी काढतं. सरासरीत विमानांच्या आणि उपग्रहांच्या रेघा बऱ्याच फिक्या पडतात. मग नऊ वाजताचा डोंगर आणि दोन वाजताचं आकाश जोडायचं. जोडलेला फोटो दाखवताना तसं सांगावं, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

घरच्यांचे फोटोही चंद्राच्याच वेळात. माणूस हलला की मागचं आकाश त्याच्या अंगातून आरपार नोंदलं जातं आणि भूत तयार होतं. म्हणून उभं करू नका, बसवा. आजोबांना खुर्ची, मुलं सतरंजीवर उताणी. सगळ्यांच्या मागे डोंगराचा काळा भाग येईल आणि डोकी क्षितिजाच्या वर फार जाणार नाहीत, असा कॅमेरा ठेवा. आयएसओ ३२००, १३ सेकंद, आणि तीन-चार मीटरवरून फ्लॅशचा एकच बारीक झटका: मॅन्युअल, ताकद १/१२८, वर पांढऱ्या रुमालाची घडी आणि नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद). नारिंगी का, तर ३९०० केल्विनवर साध्या फ्लॅशने चेहरे निळे, आजाऱ्यासारखे दिसतात. फ्लॅश रिअर कर्टनवर ठेवा, म्हणजे तो शेवटी उडतो. सुरुवातीलाच उडाला तर सगळ्यांना वाटतं फोटो झाला, आणि ते उठून चालू लागतात. एकाने कॅमेरा बघायचा, दुसऱ्याने मोठ्याने तेरापर्यंत आकडे म्हणायचे. मुलं आकड्यांना बांधलेली राहतात, ‘हलू नका’ला नाही. फोनमध्ये नाईट मोड असेल तर तोही याच रीतीने, दगडाला टेकवून चालतो.

हेडलॅम्पवर लाल जिलेटिन दुहेरी लावा. एकदा पांढरा उजेड डोळ्यांत गेला की अंधाराला सरावायला पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

काय बिघडतं? मार्च-एप्रिलमध्ये इकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, कुठे वणवेही लागतात. धुराचा थर क्षितिजालगत दहा-बारा अंशांपर्यंत बसतो आणि गाभा तिथे मातकट दिसतो. त्याला इलाज नाही. गाभा आणखी वर चढेपर्यंत तासभर थांबायचं. धरणाकाठी पहाटे दव पडतं. लेन्स पुसून उपयोग नाही, काच गार आहे तोवर ती पुन्हा भिजणारच. यूएसबीवर चालणारी लेन्सची गरम पट्टी पॉवर बँकेला जोडून दव पडायच्या आधीच लावा. ती नसेल तर हात गरम करणाऱ्या पुड्या रबरबँडने लेन्सच्या कडेला बांधा. कड्यालगत वारा सुटला तर ट्रायपॉडला बॅग टांगा, पण ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबती बॅग झुलते आणि उलट हादरे देते.

बॅटऱ्या तीन तरी घ्या, मिररलेसला चारही लागतात. कार्ड ६४ जीबीचं पुरतं: २५ एमबीच्या तीनशे रॉ फाइली साडेसात जीबीत बसतात. एप्रिलमध्ये पाचला आकाश उजळू लागतं, तिथे आकाशगंगेचं काम संपलं. त्यानंतर पाऊण तासाने रतनगडाची निळी कड मिळते, तीही त्याच ट्रायपॉडवरून.

परतताना रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर वाटेवरच आहे. ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक असल्याने आवारात ट्रायपॉडला परवानगी लागते, तिथे हातात धरूनच काढा. आणि साम्रद सोडण्याआधी, नाचणीची भाकरी येईपर्यंतच्या वेळात, दोन्ही कार्डं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. डिस्क एका बॅगेत आणि कार्डं दुसरीत.