वेल्ड गळत नव्हता

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये व्हॅक्यूम टेस्टिंग माझ्याकडे असतं. फ्यूजन (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या) अणुभट्टीच्या संशोधनासाठी लागणारी ३१६ एल या स्टेनलेस स्टीलची एक नळी चाचणीला लावली होती. भिंत एक मिलिमीटर, मधोमध आर्गन वेल्डिंगचा जॉइंट. थंड असताना हेलियम लीक टेस्ट व्यवस्थित पास झाली. मग आत एक बार दाबाने हायड्रोजन भरला, बाहेर व्हॅक्यूम, तापमान ४०० अंश सेल्सिअस. दुपारपर्यंत मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे बाहेर कोणता वायू किती येतोय ते मोजणाऱ्या यंत्रावर, हायड्रोजनचा आकडा चांगलाच वर गेला.

"जॉइंट गळतोय, कापा," ग्राहकाकडून आलेले इन्स्पेक्टर म्हणाले. आमचे वेल्डरकाका बाजूलाच होते. बोलले काहीच नाहीत, पण चेहरा उतरला.

मला पटेना. गळती असती तर गॅस सोडल्यासोडल्या आकडा उसळला असता. इथे अर्धा तास तो हललाच नव्हता. मग सावकाश चढत एका पातळीवर थांबला. मी म्हटलं, "साहेब, कापण्याआधी आजचा दिवस द्या."

हायड्रोजन काढून त्याच तापलेल्या नळीत हेलियम भरला. बाहेर काही नाही. हेलियम स्टीलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही, त्याला भोकच लागतं. हायड्रोजनचा रेणू मात्र तापल्या पृष्ठभागावर फुटतो, त्याचे सुटे अणू धातूच्या अणूंमधल्या जागांतून सरकत पलीकडे निघतात आणि तिथे पुन्हा जोडीने बाहेर पडतात.

मग पुन्हा हायड्रोजन, पण पाव दाबाने. गळती असती तर आकडाही पाव झाला असता, किंवा त्याहून कमी. तो निम्म्यावर येऊन थांबला. दाबाचं वर्गमूळ! धातूत हायड्रोजन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात विरघळतो, हा सीव्हर्ट्सचा नियम पुस्तकात वाचला होता. तो आपल्याच स्क्रीनवर उमटताना पाहून अंगावर काटा आला.

इन्स्पेक्टरांनी आलेख नीट पाहिला, खोदून प्रश्न विचारले आणि स्वतः जाऊन म्हणाले, "काका, जॉइंट उत्तम आहे."

खरी काळजी पुढेच आहे. अणुभट्टीत असाच झिरपणार तो ट्रिटियम, हायड्रोजनचाच जड प्रकार आणि फ्यूजनचं इंधन: किरणोत्सारी, अर्धायुष्य १२.३ वर्षं, लिथियमपासून तिथेच तयार करावा लागणारा. तो थंडाव्याच्या पाण्यात उतरला तर इंधन गेलंच, शिवाय पाणीही किरणोत्सारी. कितीही चांगल्या वेल्डने तो अडत नाही. अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर अडवतो, पण त्याला तडा जाता कामा नये. नळी आता त्याच कोटिंगला गेली आहे. परत आली की हाच दाब, हेच तापमान लावून आकडा किती उतरतो ते बघायचं आहे.