थंडी कुठून जाते

थंडी घरातून एकदम जात नाही. आधी ती बागेतून जाते. स्वयंपाकघरात मात्र आणखी पंधरा-वीस दिवस ठाण मांडून बसते. या मधल्या दिवसांत मी हातात खुरपं घेऊन मागच्या दारात उभा असतो आणि स्वेटर घालावा की काढावा, हे काही ठरत नाही.

बागेतली बातमी सगळ्यात आधी कोथिंबीर फोडते. परवापर्यंत गुबगुबीत बसलेली रोपं एकाएकी माना उंच करतात. रुंद पानं जाऊन शेपूसारखी बारीक पानं येतात, मधला दांडा टणक होतो. दिवस मोठा होत चाललाय, ऊन तापायला लागलंय, हे तिला कॅलेंडरच्या आधी कळतं. मग तिचा पानांतला रस संपतो, तिला बी धरायचं असतं.

"उपट ती आता, वाफा अडवून बसलीय," आई म्हणते. तिचं बरोबर आहे. त्या पानांना आता चव राहिलेली नसते. पण माझा हात होत नाही, कारण पुढच्या आठवड्यात तिला फुलं येतात. छत्रीसारखा झुबका, आणि त्यातली कडेची फुलं नीट बघितली तर त्यांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या, आतल्या इवल्याशा. पाहुण्यांच्या बाजूची भिंत तेवढी रंगवावी, तसं. आणि पाहुणे येतातही: मधमाश्या, आणि मधमाश्यांचं सोंग घेतलेल्या माश्या. नंतर हिरवे धने धरतात. एक चावून बघावा. पान आणि धना दोन्हींचा वास एकाच घासात येतो. हा प्रकार बाजारात सहसा मिळत नाही, म्हणून तरी वाफा अडवायला माझी हरकत नाही.

गंमत म्हणजे ज्याला आपण एक धना म्हणतो, ती जोडगोळी असते. पेरण्याआधी लाटण्याने हलकेच रगडला की त्याची दोन अर्धुकं होतात आणि दोन्ही रुजतात. पहिल्या वर्षी मी अख्खे पेरले होते आणि दोन-दोन रोपं गळ्यात गळा घालून का उगवतात, याचं कौतुक करत बसलो होतो.

मटाराचं अवघड असतं. वेल खालून पिवळा पडत येतो, पानांवर भुरी चढते, वर मात्र दोन-चार शेंगा हट्टाने भरत असतात. त्या तोडल्या की लगेच सोलाव्यात. तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो. अर्थात आमच्याकडे हा प्रश्न येत नाही, निम्मे दाणे स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाहीत.

आत मात्र अजून पौष-माघ. दही लागता लागत नाही. रात्री विरजण लावून, भांड्याला टॉवेल गुंडाळून ठेवलं तरी सकाळी झाकण काढावं तर दूधच दूध. विरजणातल्या जिवाणूंना ऊब हवी, आणि ओटा तर बर्फासारखा. मध बरणीच्या तळाशी रवाळ झालेला. खोबरेल तर साधारण 24 अंशांच्या खाली घट्टच व्हायचं. बाटली उन्हात ठेवा, नाहीतर उलटी धरून जोरजोरात झटका. तेव्हा कुठे वाटाण्याएवढा गोळा हातावर पडतो.

तीन महिन्यांत या झटक्याची हाताला सवय होऊन जाते. परवा सकाळी डोक्यावर उरलेल्या केसांसाठी मी बाटली उलटी केली आणि नेहमीचा झटका दिला. अर्धी बाटली तळहातावरून कोपरापर्यंत, आणि तिथून फरशीवर. पातळ, काचेसारखं स्वच्छ तेल.

आई फडकं घेऊन आली. फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आता तरी वाफा रिकामा कर."

"धने वाळायचेत अजून," मी म्हणालो.