सिंगापूर–न्यूयॉर्क: अंतराचा रकाना जमला, वेळेचा अजून नाही

विमानमार्गांचं अंतर आणि उड्डाणाची वेळ काढायच्या माझ्या तक्त्यात या खेपेला सिंगापूर–न्यूयॉर्क ही जोडी घेतली. नियमित विनाथांबा सेवांमध्ये सगळ्यात लांबची म्हणून तिची ख्याती आहेच, पण मला तिच्यात रस आहे तो भूमितीसाठी. सिंगापूरचा चांगी विमानतळ १.३६ अंश उत्तर, १०३.९९ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. हॅवरसाइन सूत्रात (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर देणारं सूत्र) घातल्यावर अंतर आलं साधारण १५,३४० किमी. (पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह आणि सगळे अंश रेडियनमध्ये, हे नव्यांसाठी.) छापील आकडा १५,३४९च्या आसपास असतो. हा दहाएक किलोमीटरचा फरक पृथ्वीच्या आकाराचा. सूत्र तिला नेमका गोल धरतं. प्रत्यक्षात ती ध्रुवांकडे चपटी, त्यामुळे तिथला एक अंश अक्षांश विषुववृत्तावरच्यापेक्षा किलोमीटरभर लांब भरतो.

आणि ही वाट जवळजवळ ध्रुवावरूनच जाते! दोन्ही रेखांशांत १७७.७७ अंशांचं अंतर, म्हणजे शहरं पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या बाजूंना. सिंगापूरहून निघतानाची दिशा ३५७.५ अंश, म्हणजे अगदी उत्तर म्हटलं तरी चालेल. वाटेतला सगळ्यात वरचा बिंदू ८७.५ अंश उत्तर, ध्रुवापासून फक्त २८० किमी. सपाट नकाशावर हे कुणाला पटणार नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरून अंतराला भागलं की सतरा तास. टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून चालणं), चढण, उतरण यांचे मी वर ३५ मिनिटं धरतो. वेळापत्रकात मात्र अठरा तासांच्या वरचे आकडे दिसतात, तेही जाताना वेगळे, येताना वेगळे. कारण विमान दोऱ्यावरून उडतच नाही. सिंगापूरहून जाताना बऱ्याचदा पॅसिफिकवरून जातात, लांब पडलं तरी, जेटस्ट्रीम, म्हणजे उंचावरचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा, पाठीशी मिळावा म्हणून.

म्हणून वेळेचा एकच रकाना होता तो मोडून दोन केले, जाण्याचा आणि येण्याचा. तपासायला न्यूयॉर्क–लंडन घेतलं, ५,५४० किमी. वारा ताशी १०० किमी धरला. पाठीशी असेल तर ५ तास ३२ मिनिटं, समोरून असेल तर ६ तास ५५. बेरीज १२ तास २७. वारा नसताना दोन्ही मिळून १२ तास १९. जाताना मिळालेलं येताना फिटतं असं वाटतं, पण फिटत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक बोईंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. सरासरी काढा, ताशी १,१२० किमीच्या वर जाते. एवढं असून ध्वनीची भिंत ओलांडलेली नाही. विमान ज्या हवेत उडतं ती हवाच पळत होती.

हेलसिंकी–टोकियोपुढे मात्र हा तक्ता हात टेकतो. अंतर ७,८०० किमी, पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द बंद झाल्यापासून तेरा. इथे वाऱ्याचा दोष नाही, वाटच बदलली. त्यामुळे आता मधले बिंदू घालून तुकड्यातुकड्यांनी अंतर काढायचं आहे, ध्रुवावरून एकदा आणि दक्षिणेच्या वळशाने एकदा.